पॅलेस्टाइनच्या वादांतील अर्धे कागद

पॅलेस्टाइनच्या भूमीवरून ज्यू व अरब यांमध्यें जो कलह चालला आहे त्याविषयीं महाराष्ट्रांत दोन तट पडले आहेत, व ते आजचे नाहींत. ता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासनें केलेल्या हल्ल्यांत इस्रायलांतील सुमारें १,२०० माणसें प्राणास मुकलीं व सुमारें २५० ओलीस म्हणून नेलीं गेलीं. त्यानंतर इस्रायलनें गाझांत जें युद्ध केलें त्यांत, तेथील आरोग्यखात्याच्या मोजदादीप्रमाणें, ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मृत्यु पावले. ऑक्टोबर २०२५ मध्यें युद्धविराम झाला. या दोन वर्षांत आमच्याकडील तटांस नवा जोर चढला. २०२५ च्या जुलैंत गाझाविषयींच्या निदर्शनांसंबंधीं एका पक्षानें केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें फेटाळला, आणि पुढच्याच महिन्यांत, पोलिसांची परवानगी मिळाल्यावर, आझाद मैदानावर निदर्शनें झालीं. दोन्ही गोष्टींवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून निघाले. वाशीम जिल्ह्यांतील रिठद येथें बसून आम्ही त्या रकान्यांचीं कात्रणें जमवीत गेलों, व आज त्यांचें एक बऱ्यापैकीं जाड बाड झालें आहे. राजकारणाचा निवाडा देणें हें या त्रैमासिकाचें काम नव्हे. परंतु हे दोन्ही पक्ष ज्या हत्यारांनीं लढतात तीं हत्यारें म्हणजे जुने कागद होत, आणि जुना कागद कसा वाचावा हें सांगण्याचा अधिकार आमच्या वाचकांइतका दुसऱ्या कोणास नाहीं. म्हणून ही टीका.

आमचा आक्षेप थोडक्यांत असा कीं, हे कागद अर्धे वाचले जातात. खोटा कागद पकडणें त्या मानानें सोपें असतें. शाई, वळण, शिक्का, मायना यांपैकीं कोठें तरी तो घसरतोच. खऱ्या कागदाचा अर्धा भाग मात्र पूर्ण खरा असतो, व म्हणूनच तो अधिक फसवितो. आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण घ्यावें. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उपलब्ध झाला. त्यांतील राजवंशाचा भाग संस्कृतांत व दानाचा व्यवहारी भाग प्राकृतांत आहे. वंशावळीवरून वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा छडा लागला, म्हणून संशोधकांचें लक्ष प्रथम तिकडे गेलें, हें ठीकच झालें. पण ताम्रपट लिहविला गेला तो वंशावळीसाठीं नव्हे. कोणतें गांव, कोणास, कोणत्या सवलतींसह दिलें, हें त्या प्राकृत भागांत आहे. तो टाकला तर ताम्रपट म्हणजे नुसती राजस्तुति उरते. पॅलेस्टाइनच्या वादांत नेमकें हेंच होतें. जो तो वंशावळ वाचतो; गांव कोणतें व त्यांत राहतें कोण, हा मजकूर पाहावयास फारसें कोणी थांबत नाहीं.

प्रथम महात्मा गांधींचा लेख घेऊं, कारण तो वऱ्हाडच्या शेजारींच लिहिला गेला. वर्ध्याजवळच्या शेगांवीं, ज्यास १९४० पासून सेवाग्राम म्हणतात, ता. २० नोव्हेंबर १९३८ रोजीं त्यांनीं ज्यूंविषयीं लेख लिहिला व तो ता. २६ च्या ‘हरिजन’ पत्रांत छापला गेला. आमच्या बाडांत या लेखाचा उल्लेख जितक्या वेळां येतो तितका दुसऱ्या कोणत्याहि कागदाचा येत नाहीं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळीं त्यांतली एकच गोष्ट येते : इंग्लंड ज्या अर्थानें इंग्रजांचें त्या अर्थानें पॅलेस्टाइन अरबांचें. हा लेख ज्यूंविषयींच्या सहानुभूतीनें सुरू होतो, हें सांगितलें जात नाहीं. अरबांनीं अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरें झालें असतें, असेंहि त्यांत म्हटलें आहे, तेंहि गळतें. ब्रिटिश बंदुकीच्या छायेखालीं तेथें शिरूं नये, अरबांची सदिच्छा मिळवूनच तेथें वस्ती करावी, ही जी अट लेखकानें घातली ती म्हणजे ज्यूंनीं तेथें येऊंच नये असें सांगणें नव्हे. हा भेद तर दोन्ही पक्षांच्या वाचनांत नाहींसा होतो.

उलट तटाचे लोक याच लेखाचा दुसरा अर्धा भाग उचलतात : जर्मनींतल्या ज्यूंनीं सत्याग्रह करावा हा उपदेश. ९ व १० नोव्हेंबरला जर्मनीभर ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं, त्यास हा उपदेश लिहितेवेळीं पुरते दोन आठवडेहि झाले नव्हते. मार्टिन बूबर यांनीं फेब्रुवारी १९३९ मध्यें जेरुसलेमहून गांधींस जें पत्र लिहिलें त्यांत या भागावर केलेली टीका आम्हांस सर्वथा रास्त वाटते. सत्याग्रहास साक्षीदार लागतो, आणि हिटलरच्या तुरुंगांत साक्षीदारच नव्हता. पण बूबर यांचें पत्रहि अर्धेंच वाचलें जातें. बूबर व त्याच आठवड्यांत गांधींस पत्र लिहिणारे त्यांचे स्नेही यहूदा मॅग्नेस हे दोघेहि ज्यू व अरब यांनीं एका राज्यांत बरोबरीच्या अधिकारानें नांदावें या मताचे होते. गांधींस परस्पर उत्तर म्हणून बूबर यांचें नांव घेणारे ही गोष्ट सोडून देतात, कारण ती सांगितली तर तें उत्तर आजच्या दोन्ही तटांस लागूं पडतें.

गांधींनीं या विषयावर पुन्हां लेखणी धरली ती ता. १४ जुलै १९४६ रोजीं पांचगणीस. हा लेख ता. २१ च्या ‘हरिजन’मध्यें आला. त्यांत ख्रिस्ती जगानें ज्यूंचा जो छळ केला त्याविषयीं कळवळा आहे; आणि अमेरिका व ब्रिटन यांच्या साह्यानें, व पुढें उघड दहशतीनें, पॅलेस्टाइनवर स्वतःस लादण्यांत ज्यूंनीं मोठी चूक केली असा ठपकाहि आहे. त्याच वर्षीं अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांच्याशीं बोलतांना ज्यूंची बाजू चांगली आहे असें गांधी म्हणाल्याचें फिशर यांनीं नमूद केलें आहे. त्यापूर्वीं, १९३७ सालीं, आफ्रिकेपासूनचे मित्र हेर्मान कॅलनबाख यांच्याकरितां गांधींनीं केलेलें एक टिपण आहे. तें त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालें नाहीं. आतां एक पक्ष फिशर दाखवितो, दुसरा ‘हरिजन’ दाखवितो, आणि दोघेहि गांधी आपल्या बाजूचे म्हणून सांगतात. आमच्या शास्त्रांत याचा निर्णय कठीण नाहीं. स्वतःच्या सहीनें प्रसिद्ध केलेला लेख हा अस्सल कागद. दुसऱ्यानें टिपून ठेवलेलें संभाषण ही, टिपणारा कितीहि प्रामाणिक असो, बखर. आणि न पाठविलेला वा न छापलेला खर्डा हा खर्डाच. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं काढला तेव्हां बखर व अस्सल पत्र यांच्या मोलांतला फरक प्रस्तावनेंत झाडून दाखविला होता; सव्वाशें वर्षांनंतर तो पुन्हां सांगावा लागतो हें विलक्षण आहे. तथापि बखर फेंकून द्यावयाची नसते. तिच्यावरून एवढें दिसतें कीं, ज्यूंच्या मागणीकडे खाजगींत गांधी अधिक मोकळ्या मनानें पाहत आणि छापतांना अधिक ठाम होत. यापलीकडे त्या संभाषणावर कोणतीहि इमारत उभी राहत नाहीं.

दुसऱ्या तटाचा आवडता कागद म्हणजे सावरकरांचें ता. १९ डिसेंबर १९४७ चें पत्रक. संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनीं पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला होता व हिंदुस्थाननें विरुद्ध मत दिलें होतें. सावरकरांनीं ज्यू राज्याचें स्वागत केलें व हिंदुस्थानच्या मताबद्दल खेद दर्शविला. ही भूमिका नवीन नव्हती. १९२३ च्या ‘हिंदुत्व’ ग्रंथांतहि ज्यूंचें स्वप्न सफल व्हावें अशी सदिच्छा आहे. विरोधक याच्या उत्तरादाखल १९३८ सालचीं त्यांचीं भाषणें काढतात, ज्यांत जर्मनींतील ज्यूंचा दाखला अल्पसंख्याकांस इशारा म्हणून दिला आहे. मग एक पक्ष १९३८ लपवितो व दुसरा १९२३ आणि १९४७ लपवितो. आमच्या मतें येथें लपविण्यासारखें कांहींच नाहीं, कारण दोन्हींत सूत्र एकच आहे : ज्या समाजाची जी पितृभूमि व पुण्यभूमि तीच त्याचें राष्ट्र. खरी टीका करावयाची ती या सूत्रावर त्याच्याच मापानें करावी. बेथलेहेमच्या अरब ख्रिस्त्याची पितृभूमि तीच आणि पुण्यभूमिहि तीच. जेरुसलेमच्या मुसलमानाची पितृभूमि ती, आणि अल्-अक्सा मशिदीमुळें पुण्यभूमीचा एक मोठा भागहि तेथेंच. हें माप जर ज्यूंस लागतें तर त्यांसहि लागतें, आणि एका भूमीवर दोन समाज कसोटीस पूर्ण उतरतात तेव्हां ती कसोटी निवाडा देऊं शकत नाहीं. ही अडचण सावरकरांच्या पत्रकांत विचारांत घेतलेली नाहीं, व त्यांचे आजचे वाचकहि ती घेत नाहींत.

सरकारी कागदांचीहि हीच दशा. हिंदुस्थाननें १९४७ सालीं फाळणीस विरोध केला, एवढें दोन्ही पक्ष सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या ११ जणांच्या समितींत हिंदुस्थानचे सभासद सर अब्दुर रहमान यांनीं इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह ज्यू व अरब घटकांचें एक संघराज्य सुचविलें होतें, हें कोणी सांगत नाहीं. ता. २७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हिंदुस्थान तटस्थ राहिला, ता. १२ डिसेंबरला त्यानें युद्धविरामाच्या बाजूनें मत दिलें; ज्यास जी तारीख सोईची ती त्यानें घ्यावी, असा प्रकार आहे.

आतां या सर्व भाऊबंदकीचा मूळ कागद. ता. २ नोव्हेंबर १९१७ रोजीं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बॅलफर यांनीं लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांस पत्र लिहिलें. त्यांतील घोषणेचा मजकूर अवघा ६७ इंग्रजी शब्दांचा. परंतु सनदा वाचणाऱ्यास त्यांत पुष्कळ आहे. पहिल्या कलमांत पॅलेस्टाइनांत ज्यू लोकांचें राष्ट्रीय गृह व्हावें याविषयीं सरकारची अनुकूलता. दुसऱ्यांत, तेथें असलेल्या ज्यूंखेरीज इतर समाजांच्या मुलकी व धार्मिक हक्कांस बाध येऊं नये. तिसऱ्यांत, इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांस व राजकीय दर्जास बाध येऊं नये. तीं तिन्ही कलमें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं. ‘राजकीय’ हा शब्द तिसऱ्या कलमांत आहे, दुसऱ्यांत नाहीं. ज्यूंस ‘लोक’ असें नांव आहे; अरबांस नांवच नाहीं, ते कोण नव्हेत एवढेंच सांगितलें आहे. आणि १९२२ च्या खानेसुमारींत सुमारें ७,५०,००० वस्तीपैकीं ज्यू सुमारें ८४,००० होते. वतनाच्या सनदेंत दहांतल्या नऊ कुळांचा उल्लेख ‘वतनदाराखेरीज इतर’ असा असता तर आमच्या गोतसभेनें ती सनद परत पाठविली असती. या दुसऱ्या कलमांतील उणीव हेंच पुढच्या शंभर वर्षांच्या कलहाचें बीज, असें आमचें मत आहे. ज्यांस घोषणा प्रिय आहे ते पहिलें कलम वाचतात. ज्यांस ती अप्रिय आहे ते सर्वच पत्र फाडून टाकतात व त्याबरोबर दुसऱ्या कलमानें दिलेलें, अपुरें का होईना, तें अभिवचनहि गमावतात.

तिसऱ्या कलमाचा संबंध आमच्याशींच आहे. या घोषणेस मंत्रिमंडळांत ज्यांनीं कडाक्याचा विरोध केला ते एडविन माँटेग्यू स्वतः ज्यू होते, आणि त्या वेळीं हिंदुस्थानचे मंत्री होते. ज्यूंस वेगळें राष्ट्र ठरविलें तर प्रत्येक देशांतला ज्यू त्या देशांत परका ठरेल, ही त्यांची भीति. घोषणा निघाली तेव्हां ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते व त्याच महिन्यांत मुंबईस उतरले. ज्या शहरांत ते उतरले तेथें ज्यूंचा एक मराठी बोलणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. त्याच्याकडे आम्ही शेवटीं येऊं.

पाठभेदांचीं दोन उदाहरणें थोडक्यांत देतों, कारण त्यांवर परभाषांतून भरपूर लिहिलें गेलें आहे. मक्केचे शरीफ हुसेन यांस मॅक्मेहन यांनीं ता. २४ ऑक्टोबर १९१५ रोजीं लिहिलेल्या पत्रांत दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो यांच्या पश्चिमेचा प्रदेश वचनांतून वगळला आहे. पण त्या गांवांस जोडलेला शब्द इंग्रजींत ‘जिल्हे’ व अरबींत ‘विलायत’, म्हणजे एकीकडे परगणा तर दुसरीकडे सुभा होऊं शकेल असा आहे, आणि पॅलेस्टाइन वचनांत आलें कीं नाहीं तें त्या एका शब्दावर लटकलें. ब्रिटिश सरकारनें हा पत्रव्यवहार अधिकृत रीत्या छापला तो १९३९ सालीं, म्हणजे त्यावर रक्त सांडून झाल्यावर. दुसरें उदाहरण सुरक्षा समितीच्या ता. २२ नोव्हेंबर १९६७ च्या २४२ व्या ठरावाचें. इस्रायलनें व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, या कलमांत इंग्रजी पाठावरून ‘कांहीं’ प्रदेश असा अर्थ निघूं शकतो, फ्रेंच पाठावरून ‘ते सर्व’ असा. हिंदुस्थाननें माली व नायजेरिया यांच्यासह जो वेगळा मसुदा मांडला होता त्यांत ‘सर्व’ शब्द स्पष्ट होता. तो मागें पडला. एका उपपदावरून पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद घालणारे त्याच ठरावाचीं दुसरीं दोन वाक्यें क्वचितच एकत्र वाचतात : युद्धानें मुलूख मिळविणें अग्राह्य आहे, आणि त्या भागांतील प्रत्येक राज्यास सुरक्षित व मान्य सीमांच्या आंत शांततेनें राहण्याचा हक्क आहे. येथें पाठभेद मुळींच नाहीं.

शांततेची आशा कितपत, असें विचारलें जातें. तिचें माप आम्हांस आमच्या दप्तरांतूनच काढतां येतें. देशमुखी-पाटिलकीच्या कज्जांत गोत बसण्यापूर्वीं दोन्ही वाद्यांकडून राजीनामे घेत, कीं या सभेचा निवाडा आम्हांस कबूल, जामीन घेत, मग करीने, साक्षी, महजर, आणि शेवटीं हरणाऱ्याकडून येजितखत लिहवून घेत. हरणाऱ्यानें आपल्या हातानें ‘मी खोटा झालों’ असें लिहून दिल्याखेरीज निवाडा पक्का होत नसे. तरीसुद्धां पुष्कळ कज्जे दुसऱ्या स्थळीं पुन्हां उभे राहत, पिढ्यान्‌पिढ्या चालत, हें ज्यांनीं असे कागद चाळले आहेत त्यांस ठाऊकच आहे. आणि जेथें दोन्ही भाऊ भोगवट्यावर, दोघांचींहि मुलेंलेकरें त्याच वाड्यांत, तेथें शहाणे पंच येजितखताच्या मागें न लागतां वतन वांटून देत. पण वांटतांना हद्द प्रथम घालीत.

या मापानें १९९३ चा ओस्लो करार पाहावा. ता. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रांत अराफत यांनीं इस्रायल राज्याचा शांततेनें व सुरक्षितपणें असण्याचा हक्क मान्य केला. त्याच तारखेच्या उत्तरांत राबिन यांनीं अराफत यांची मुक्तिसंघटना ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधि आहे, एवढें मान्य केलें. एका कागदांत राज्य, दुसऱ्यांत मुखत्यारी. त्यानंतर ता. १३ ला वॉशिंग्टन येथें जो करार झाला त्यांत जेरुसलेम, निर्वासित, वसाहती व सीमा हे विषय पुढील वाटाघाटींवर सोंपविले, म्हणजे चतुःसीमा शेवटीं लिहूं म्हणून सनद आधीं दिली. हद्द न घातलेल्या शेतांत जो बलवान तो नांगर पुढें पुढें नेतो, हें कोणाहि कुणब्यास सांगावें लागत नाहीं. पश्चिम किनाऱ्यावरील ज्यू वसाहतकरी, पूर्व जेरुसलेम सोडून, त्या सुमारास सुमारें १,००,००० होते. तीस वर्षांनीं ते ५,००,००० च्या पुढें गेले. दुसऱ्या बाजूस आत्मघातकी स्फोटांनीं बसगाड्या व बाजार उडविले, आणि ता. ४ नोव्हेंबर १९९५ रोजीं राबिन यांचा खून झाला तो एका ज्यू माथेफिरूच्या हातून. हमासच्या १९८८ च्या सनदेनें सारी भूमि आपली म्हटली. त्यापूर्वीं लिकुद पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यानें समुद्र व जॉर्डन नदी यांमध्यें केवळ इस्रायलची सत्ता राहील असें म्हटलें होतें. हे दोन कागद आमच्या बाडांत कधींच एका पानावर येत नाहींत. ते एका पानावर लावले कीं, दोन्ही पक्ष येजितखत मागत आहेत व वांटणी कोणासच नको आहे, हें ध्यानांत येतें. आम्हांस दोन्हीकडचा भोगवटा खरा दिसतो : अरबांचा शतकानुशतकांचा, आणि तेथेंच जन्मून वाढलेल्या ज्यूंच्या तीन-चार पिढ्यांचा. मूळ पुरुष कोण, अब्राहाम कीं कनानी, हा प्रश्न संशोधकांनीं खुशाल लढवावा. त्यावरून आजच्या माणसास घराबाहेर काढतां येत नाहीं.

वऱ्हाडांत ओसाड पडलेल्या गांवास ‘रीठ’ म्हणतात. (आमच्या रिठदच्या नांवाशीं या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह पुराव्यावांचून आवरलेला बरा.) गांव उठलें तरी महसुली कागदांत त्याचें नांव, शिवार व सर्व्हे नंबर टिकून राहतात, म्हणून पांढरीवर एक भिंतहि न उरलेलें गांव आम्ही कागदावरून उभें करूं शकतों. १९४८ च्या युद्धांत सुमारें ७,००,००० पॅलेस्टिनी परागंदा झाले. वालिद खालिदी यांनीं १९९२ सालीं संपादिलेल्या ग्रंथांत अशा ४१८ उठलेल्या गांवांची नोंद गांववार दिली आहे. हें काम ज्या धर्तीवर झालें ती आमच्या ग्रामसंशोधकांस परिचयाची आहे, आणि त्या ग्रंथास नुसतें प्रचाराचें पुस्तक म्हणणाऱ्यांनीं अगोदर तो एकदां गांववार वाचावा. त्याच न्यायानें दुसरी यादीहि वाचावी. १९५०-५१ मध्यें इराकांतील सुमारें १,२०,००० ज्यू देश सोडून गेले व तेथील अडीच हजार वर्षांची वस्ती जवळजवळ संपली. एका रिठानें दुसरें रीठ फिटत नाहीं. पण एकाची नोंद ठेवून दुसऱ्याची पुसणें हा नोंदणीचा अपराध आहे.

या वादांत एक साक्ष मात्र कोणीच काढीत नाहीं, आणि ती मराठींत आहे. कोंकणांत तेल गाळणारे व शनिवार पाळणारे म्हणून ज्यांस गांवकरी ‘शनवार तेली’ म्हणत त्या बेने इस्रायलांची. अलिबागजवळचें नवगांव हें त्यांच्या परंपरेप्रमाणें पूर्वजांच्या उतरण्याचें ठिकाण. मुंबईंतलें त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें. १८९७ मध्यें पहिल्या झायनवादी परिषदेचें निमंत्रण आलें तेव्हां या समाजानें तें नाकारलें. परत जाणें तें ईश्वराच्या हातानें, असें त्यांचें म्हणणें होतें. १९१७ सालीं त्यांची बेने इस्रायल परिषद भरली व १९१८ सालीं अखिल हिंद इस्रायली लीग निघाली, आणि समाजाचें राजकारण कसें असावें यावर दोहोंचा वाद जुंपला. म्हणजे माँटेग्यूंनीं लंडनांत जो प्रश्न काढला तोच या मराठी घरांतहि उभा होता. याच समाजांतील डॉ. अब्राहाम एरुळकर हे गांधींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकीं एक होते. १९५१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत सर्व मिळून सुमारें २६,००० ज्यू होते; पुढें त्यांतील बहुतेक इस्रायलास गेले. कोणीं हांकलल्यामुळें ते गेले नाहींत, ही गोष्ट ज्यूंच्या इतिहासांत दुर्मिळ आहे व आमच्या लोकांनीं ती अभिमानानें सांगावी इतकी खरी आहे.

तेथें गेल्यावर काय झालें तेंहि सांगावें. त्यांतील कांहींना बीरशेबा येथें वसविण्यांत आलें. त्या गांवची अरब वस्ती ऑक्टोबर १९४८ मध्यें उठून गेलेली होती. तेथें आपणांस कमी लेखलें जातें अशी तक्रार करून त्यांतील एका गटानें हिंदुस्थानांत परत पाठवा म्हणून तेल अवीव येथें धरणें धरलें, व १९५२ मध्यें त्यांस परत आणण्यांत आलें. पुढें त्यांतले कित्येक पुन्हां इस्रायलास गेले. १९६२ पासून त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेवर तेथील धर्मपीठानें शंका घेतली; १९६४ च्या ऑगस्टांत इस्रायलच्या संसदेनें हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केल्यावर तें प्रकरण निवळलें. दुसऱ्याच्या उठलेल्या गांवांत वसलेला, स्वतःच्या हक्कासाठीं रस्त्यावर बसलेला, आणि घरीं मराठी बोलणारा असा हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष कोणत्याहि तटास पूर्ण सोईची नाहीं, म्हणूनच ती मोलाची.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास मुंबईंत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं तेल अवीव येथें, इम्मानुएल ओल्स्वांगर यांच्या संपादकत्वाखालीं. हेच ओल्स्वांगर १९३६ सालीं झायनवादी संघटनेतर्फे हिंदुस्थानांत येऊन गांधींस भेटले होते. ग्रंथकार कोंकणचा, संपादक झायनवादी, मध्यें चाळीस वर्षें. असा पाठ हस्तलिखिताशीं ताडून पाहिल्याखेरीज वापरूं नये. याहून निकडीची गोष्ट घरगुती कागदांची आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा, पनवेल, ठाणें व मुंबई या ठिकाणच्या रद्दींत १९४८ ते १९६४ या काळांतील बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद येथून आलेलीं मराठी पत्रें, व १९१७-१८ च्या वादांतील परिपत्रकें व मराठी नियतकालिकांचे सुटे अंक मिळण्यासारखे आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद येतील त्यांनीं मजकुराची नुसती नक्कल करून ठेवूं नये. पत्र मूळचें ठेवावें, पाठीमागचें पानहि जपावें, आणि तारीख व ठिकाण पुष्कळदां पाकिटावरच्या शिक्क्यांतच असतें, म्हणून तिकिटासाठीं पाकीट कापूं देऊं नये.